बोकड अंग झाडेपर्यंत

मी बायबल वाचायला लागले ते भाकरीसाठी, हे आधीच कबूल केलेलं बरं.

बिरवाडीत मी ज्यांच्या खोलीत राहते त्या ताई माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या. महाडच्या एका दवाखान्यात त्या सिस्टर होत्या, आता निवृत्त झाल्यात. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचलेली बाई, पण स्वतःच्या डोळ्याला कुणी हात लावणार म्हटल्यावर तारखा पुढे ढकलत राहिली. मग आमच्यात ठरलं की संध्याकाळी मी त्यांना बायबल वाचून दाखवायचं आणि त्यांनी माझ्या वाटच्या भाकऱ्या थापायच्या. मी इथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर उभं राहून आल्यावर पिठात हात घालायचा मला भारी कंटाळा. ताईंना धड दिसत नव्हतं तरी भाकरी मात्र चंद्रासारखी गोल, त्यामुळे सौद्यात फायदा माझाच होता.

पुस्तकातली नावं काही माझ्या तोंडात बसेनात. मग मी माझी नावं पाडली. नांगरवाला, मेंढरवाला, तारूवाला, तंबूवाला. ताई आधी रागावल्या. देवाच्या पुस्तकाची अशी थट्टा करू नये म्हणाल्या. आठवड्याभरात त्याच विचारायला लागल्या, "काल तो तारूवाला कुठवर आला होता गं?"

आमचं पहिलं भांडण झालं ते तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी. पहिल्या आईबापांचे दोन मुलगे. थोरला शेती करणारा, धाकटा मेंढरं राखणारा. दोघांनीही देवासाठी काहीतरी आणलं. थोरल्याने शेतातलं पीक आणलं, धाकट्याने कळपातली पहिल्या वेताची कोकरं, चांगली चरबीदार. देवाने धाकट्याचं मानून घेतलं आणि थोरल्याच्या अर्पणाकडे बघितलंदेखील नाही. मी पुस्तक मिटलं.

"का?" मी विचारलं.

"पुढे वाच."

"पुढे खून आहे. का बघितलं नाही, ते कुठेच नाही."

ताई म्हणाल्या की थोरल्याने मनापासून दिलं नसेल, धाकट्याने उत्तमातलं उत्तम दिलं, असं चर्चमधले पाळक सांगतात. मी म्हटलं, लिहिलंय का तसं? त्या म्हणाल्या, लिहिलेलं नाही, सांगतात. मी म्हटलं, सांगायला काय, मीही सांगेन.

मला एवढं लागायचं कारण घरचं होतं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत फुटलं की आमची वाडी. डोंगरमाथ्यावर पंधरा-वीस घरं. बाबा शेळ्या राखतात, आई उतारावर नाचणी आणि वरी करते. बाबांच्या शेळ्या आईच्या नाचणीत शिरणार आणि आई दोन्ही कुळांचा उद्धार करणार, हे आमच्या घरात पाऊसपाण्याइतकं ठरलेलं. म्हणजे नांगरवाला आणि मेंढरवाला माझ्या घरात नवराबायको होऊन बसलेले. नवी नाचणी आली की आईची पहिली ओंजळ आमच्या वाडीच्या देवापुढे, राखणदारापुढे पानावर पडते, मग घरात. तिच्या नाचणीकडे देवाने बघितलं नाही असं कुणी तिला सांगितलं असतं, तर तिने त्या देवालाच जात्यात घातलं असतं.

पण भांडण संपल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. त्या दोघांना कुणी काही आणायला सांगितलंच नव्हतं. त्या गोष्टीत देऊळ नाही, पुजारी नाही, वेदीसुद्धा नाही. देवाने मागितलेलं नाही. तरी दोघं आपापल्या कामावरून उठले आणि हातात असेल ते घेऊन आले. हे सुरू कुणी केलं मग? ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे वाचतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. तू शेळ्यांत वाढलीस म्हणून तुला पडतो."

पहिली वेदी पुढे येते, ती तारूवाल्याची. पूर ओसरल्यावर तो बाहेर आला आणि झोपडी नाही, चूल नाही, आधी वेदी बांधली आणि वाचवलेल्या जनावरांतलीच काही त्यावर दिली. मी म्हटलं, "ताई, वाचवली आणि लगेच कापली?" ताई म्हणाल्या, त्यासाठी चालणारी जनावरं त्याने जास्तीच घेतली होती, आधी नीट वाचत जा. मला ते काही पटलं नाही. मग मला महाड आठवलं. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं आणि उतरतं, तेव्हा दुकानादुकानात गुडघ्याएवढा चिखल असतो. एकदा पुराच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होते. एका कापडवाल्याचा सगळा माल चिखलात लोळत होता आणि तो माणूस आधी भिंतीवरचा देवाचा फोटो पुसून उदबत्ती पेटवत होता. काडेपेटी ओली, पेटेना. शेजाऱ्याकडून मागून आणली. त्याला कुणी सांगितलं होतं? पण जिवंत राहिलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि ते कुठे करायचं हे कळत नाही म्हणून तो एक जागा करतो. मला वाटतं वेदी म्हणजे तेवढंच असणार. ताईंच्या पाळकांना हे पटेल की नाही, मला माहीत नाही.

तंबूवाला तर आमच्याच जातकुळीतला निघाला. जनावरं घेऊन हिंडणारा. जिथे देव त्याच्याशी बोलला तिथे, कधी एखाद्या झाडाजवळ, वेदी बांधायची आणि पुढे चालू पडायचं. आणि त्यानंतर बऱ्याच पिढ्यांनी नियम आला, तो वाचताना मी मध्येच थांबले. वेदी मातीची करा. दगडाची केली तर घडवलेला दगड वापरू नका. हत्यार लागलं की ती बाटली.

"झोप लागली का गं?" ताईंनी विचारलं.

झोप कुठली. आमचा राखणदार म्हणजे ऐनाच्या झाडाखालचे चार दगड. कुणी बसवले ते कुणाला माहीत नाही, आणि त्यांना टाकी लावायची नाही हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत. काही वर्षांपूर्वी मुंबईकर मंडळींनी व्हॉट्सअॅपवर ठरवलं की देवाला ग्रॅनाइटचा चौथरा करायचा. त्यात पुढाकार मुंबईत असलेल्या माझ्या दादाचा. सिमेंटची पोती डोक्यावरून वर पोचली, कटर मशीन आलं, आणि आमचा म्हातारा गुरव त्या दगडांपुढे मांडी घालून बसला. म्हणाला, "ह्यांना लोखंड लागलं तर पूजा तुमी करा. मी उठतो." दोन तास वाद झाला. शेवटी चौथरा झाला, पण झाडापासून दहा पावलं अलीकडे. आता देव मातीत असतो आणि माणसं ग्रॅनाइटवर बसतात.

हे मी ताईंना सांगितलं आणि म्हटलं, "तुमच्या देवाला आमचा गुरव भेटलेला दिसतो." ताई इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

तिथून पुढे तर मीच शिकवणी घेत होते. तिसऱ्या पुस्तकात नुसते अर्पणांचे नियम आहेत. ताई म्हणाल्या, हा भाग मी कधी धड वाचलेला नाही, कंटाळा येतो. मला कसला कंटाळा? आतड्यांवरची चरबी, दोन्ही मूत्रपिंडांवरची चरबी, काळजावरचा पडदा, हे काढायचं कसं आणि ठेवायचं कुठे, सगळं लिहिलेलं. ताईंनी मूत्रपिंड तक्त्यावर पाहिलेलं, मी परातीत. कुठला भाग पुजाऱ्याचा, तेही ठरलेलं. आमच्याकडे मुंडी गुरवाची, त्यांच्याकडे ऊर आणि उजवी मांडी. जनावरात खोट नको हेही तेच. बाबा देवाचं करडू निवडतात तेव्हा डोळे बघतात, दात बघतात, खुरांच्या मधे बोट घालतात आणि मग त्याला चालवून लंगडतंय का ते बघतात. शेवटी त्याच्या डोक्यावर, शिंगांच्या मधे, हात ठेवून जरा वेळ उभे राहतात. जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा हे त्या पुस्तकातही आहे. बाबांना वाचता येत नाही. ते कुठून शिकले हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "हात आपसूक जातो."

आणि गरिबासाठी सवलत होती. कोकरू झेपत नसेल तर पाखरांची जोडी द्या, तीही झेपत नसेल तर मूठभर पीठ द्या. मी त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं की तुझी नाचणी चालते. आई म्हणाली, "चालनारच. न चालायला काय झालं तिला?"

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय त्याकडे येते. मी ते टाळत होते, कारण त्यात मी शहाणी ठरत नाही.

सात वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत मला ताप भरला. पायाला चिरा पडलेल्या, दिवसभर चिखलात उभी. दोन दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. बाबांनी आणि दोन माणसांनी मला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने महाड. चार दिवस मला शुद्ध नव्हती. ताई तेव्हा त्या वॉर्डात होत्या. रात्रपाळी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत, असं नंतर मला दुसऱ्या सिस्टरने सांगितलं. मी वाचले. पुढे मला इथे नोकरी लागली तेव्हा ताईंनीच आपली अर्धी खोली दिली. त्यांचे उपकार मी कधी विसरत नाही आणि त्यांना विसरूही देत नाही, त्या चिडतात.

त्या चार दिवसांत बाबांनी राखणदाराला बोकड बोलला. पोरगी उठली तर बोकड देईन. मी उठले, आणि नवस राहून गेला. पहिल्या वर्षी पाळलेला बोकड बिबट्याने नेला. मग टाळेबंदी आली, मुंबईचं कुणी वर येईना, आणि घरातली सगळी असल्याशिवाय असं कार्य होत नाही. मग चुलती वारली, त्यात एक वर्ष गेलं. मग दादाने गळ्यात माळ घातली आणि रक्ताचं काही नको म्हणून हटून बसला. आणि त्याला साथ दिली मी. मी म्हटलं, बाबा, माझ्यासाठी एक जीव जाणार आणि मला कुणी विचारलेलं नाही. नारळ द्या. बाबा माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. ज्या माणसाने मला कधी उलट्या हाताचीही मारली नव्हती त्याने फोनवर माझा आवाज ऐकून फोन आईकडे द्यावा, हे मला फार लागलं, पण मीही त्यांचीच मुलगी. मीही बोलले नाही.

या वर्षी त्यांचा दमा वाढला. झाडापर्यंत चालायचं तर चार ठिकाणी बसावं लागतं. माघात त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "बाय गो, मी हाय तवर ह्ये होऊ दे. नायतर मी असाच जाईन, आन वर जाऊन त्याला काय तोंड दावू?" मी हो म्हटलं. दादाला मीच पटवलं. बाबांना निश्चिंत करायचं, बाकी माझी मतं गेली चुलीत, असं ठरवून टाकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वाचनात नेमका तंबूवाला आला. आम्ही पुढचं सगळं वाचून परत मागे आलो होतो, कारण हा भाग मी पहिल्या खेपेला बाजूला ठेवला होता. म्हातारपणी झालेल्या मुलाला घेऊन तो डोंगर चढतो. लाकडं मुलाच्या पाठीवर. मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? मला पुढे वाचवेना. ताईंना ते पाठ होतं. त्यांनीच पिठाच्या हातांनी पुढचं सांगितलं. वेदी रचली, मुलाला बांधलं, सुरी उचलली, आणि वरून थांब म्हटलं गेलं. झुडपात शिंगं अडकलेला एडका होता, तो मुलाच्या जागी दिला.

मी चिडले. असला कसला बाप, म्हटलं. ताईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "डोंगर उतरताना ते दोघे काय बोलले ते लिहिलेलं नाही. मला कायम तेच ऐकावंसं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर पोचले. शिमग्याच्या आधीचे दिवस, खळी रिकामी, माळ वाळलेला. बोकड काळा होता, कपाळावर पांढरा टिळा, दोन वर्षांचा. बाबांनी धोतर नेसून डोक्याला नवं मुंडासं बांधलं होतं. झाडापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागला. दादाने उचलून नेतो म्हटलं तर काठी उगारली.

आमच्याकडे बोकडावर आधी सुरी चालत नाही. गुरव त्याचे पाय धुतो, कपाळाला हळदकुंकू लावतो, पाठीवर तांदूळ आणि पाणी टाकतो, आणि सगळे बाजूला होतात. बोकडाने अंग झाडलं की देवाने घेतला. झाडलं नाही तर घेतला नाही, मग सुरी म्यानात. बहुतेक वेळा पाणी पडताच जनावर अंग झाडतं, मिनिटभराचं काम.

आमच्या बोकडाने पाठीवरचं पाणी घेतलं आणि गुरवाच्या हातातले तांदूळ खाल्ले.

लोक हसले. पुन्हा पाणी टाकलं. तो उभाच. अर्धा तास गेला, ऊन वर आलं, हसणं थांबलं. दादा म्हणाला, कानात थोडं पाणी घाला. गुरव म्हणाला, "हात लावायचा नाय. त्येच्या मनानं व्हायला पायजे." चौथऱ्यावर बसलेल्या बायका कुजबुजायला लागल्या. मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं.

मी महिने महिने नांगरवाल्याची वकिली केली होती, पण ती वाद घालायची खुमखुमी म्हणून. आणलेल्या वस्तूकडे बघितलं जात नाही तेव्हा माणूस कसा उभा राहतो, ते मी त्या क्षणी पाहिलं. सात वर्षं या माणसाने वाट बघितली, पाला तोडून घालून ते जनावर वाढवलं, आणि आता चार दगड गप्प. मला त्या दगडांचा संताप आला. उठून त्या बोकडाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

गुरव म्हणाला, "घरवाल्यांनी बोला. काय चुकलं असंल, ऱ्हायलं असंल, तर आता त्येच्या कानावर घाला."

दादा पुढे झाला. मी मोडता घातला होता, माझं चुकलं, म्हणाला. बोकड ढिम्म. मग मी म्हटलं, मी नारळ द्या म्हणाले होते. आई म्हणाली, औंदा नाचणीचं पान ठेवायला मी दोन दिवस उशीर केला. त्यावर कुणीतरी हसलं, बोकडाने मान वळवून बघितलं, बाकी काही नाही.

मग बाबा काठी टेकत दगडांपुढे गेले आणि खाली बसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. त्यांना धाप लागत होती, म्हणून मधे मधे थांबत.

"मी तुला आदी बोकड नव्हता बोललो. तुला ठावं हाय. पयल्या दिशी मी म्हनलो, हिला ऱ्हाऊ दे, मला ने. चार दिस त्येच म्हनत व्हतो. पाचव्या दिशी मी बदाललो. म्हनलो, मला नको, बोकड घे. तू पोरगी दिलीस आन मी शब्द फिरवला. त्यो बिबट्या तूच धाडलास, मला ठावं हाय. आता हा घे नायतर मला घे. मी हितंच बसलोय."

आईने पदर तोंडाला लावला. तिलाही हे माहीत नव्हतं. गुरव बाबांच्याच वयाचा. तो त्यांच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "येड्या, सात वरसं झाली. त्येला तू पायजे असतास तर त्यो काय वाट बघत बसला असता?"

आणि बोकडाने अंग झाडलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, तांदूळ चौफेर उडाले.

मी प्रयोगशाळेत काम करते. पाणी वाळायला लागलं की कातडी खाजते, माशी बसते, हे मला कळतं. त्या दिवशी ते मला सांगावंसं वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. दादाने बोकडाला पाणी पाजलं. बाबांनी उठून त्याच्या डोक्यावर शिंगांच्या मधे हात ठेवला आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवला. मग गुरवाने एका घावात काम केलं. मी तोंड फिरवलं नाही. माझ्या जिवासाठी होतं, निदान बघायला तरी हवं, असं मला वाटलं.

घरोघर वाटे गेले. माळकरी दादाने भात-आमटी खाल्ली, पण मटणाच्या टोपाला जाळ त्यानेच घातला. बाबा पोटभर जेवले. आई म्हणाली, दिवाळीनंतर आज कुठे त्यांनी परत भात मागून घेतला.

दुपारी सगळे पांगल्यावर मी आणि बाबा पडवीत बसलो. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं एवढंच होतं, म्हणून मी ताईंच्या पुस्तकातला एक नियम सांगितला. देवाला बोललेलं जनावर बदलू नये. आणि कुणी बदललंच, तर आधी बोललेलं आणि बदली दिलेलं, दोन्ही देवाचीच होतात.

बाबांनी जरा विचार केला. "म्हंजे बोकड बी त्येचा आन मी बी त्येचा?"

"असं लिहिलंय."

"बरं हाय मग," ते म्हणाले. "तिकडच्या लोकानला बी कळतंय."

पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. मी विचारलं, "बाबा, पाचव्या दिवशी शब्द का बदललात? भ्यालात?"

"भ्यालो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर मरनाला नाय. पाचव्या दिशी सकाळी तू डोळं उगाडलंस आन पानी मागितलंस. मी चमच्यानं पानी दिलं. तू घोट घेतलास, आन परत मागितलंस. परत दिलं. तवा माज्या मनात आलं, मी गेलो तर ही उद्या पानी कुनाकडं मागंल? म्हनून मी त्येला म्हनलो, माजं ऱ्हाऊ दे, बोकड घे."

ते चमचे मला आठवत होते. ओठांना लागलेला स्टीलचा गारवा आठवत होता. हात कुणाचा ते दिसलं नव्हतं. ते पाणी ताईंनी पाजलं असं मी सात वर्षं धरून चालले होते, आणि त्याबद्दल ताईंना हजारदा बोलून दाखवलं होतं. दर वेळी त्या म्हणायच्या, मी नव्हते गं, आणि मला वाटायचं त्या मोठेपणा घेत नाहीत.

आमच्या घरात आभार कुणी मानत नाही. तो शब्दच कुणाच्या तोंडात नाही. मी बाबांचा हात माझ्या हातात घेतला. सकाळची हळद अजून त्यांच्या बोटांना होती.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही मागे राहिलात ते फार बरं केलंत."